बगळा, चूल आणि खिळ्यावरचा सहा

मालनबाई गांगुर्डे आमच्या छापखान्यात आली ती बाहत्तर साली. गंजमाळच्या वस्तीत राहायची, माहेर दिंडोरीकडच्या एका वाडीतलं. शिक्षण सातवी. नवरा पुंजाराम एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होता. नाशकात रविवार कारंज्याजवळच्या एका बोळात आमचं सुमेरू मुद्रणालय होतं. खाली पायानं चालवायची दोन ट्रेडल छपाई-मशीनं, माडीवर शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या, खणाखणांच्या केसी आणि ते खिळे जुळवणारे जुळारी. मी मंगळू भोये, मूळचा पेठकडचा. खिडकीजवळचं ट्रेडल माझ्याकडं असायचं.

बाईमाणूस म्हणून तिला आधी सोडणीचं काम दिलं. छपाई झाली की जुळवलेला मजकूर मोडायचा आणि एकेक खिळा आपापल्या खणात परत टाकायचा. कंटाळवाणं काम. पण त्या कामानं तिच्या बोटांना सगळी केस पाठ झाली. वर्षभरानं एक म्हातारे जुळारी गावी गेले ते परत आलेच नाहीत, तेव्हा मालक भाऊसाहेबांनी तिच्या हातात खिळे ओळीत जुळवायची स्टिक दिली. दोन महिन्यांत ती लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, निवडणुकीची पत्रकं असं सगळं जुळवायला लागली. मान खाली, ओठ मिटलेले. चूक फार कमी.

तिच्या टेबलासमोरच काळू आहिरे बसायचा. काळू नाथा आहिरे, मुद्रितशोधक. मॅट्रिक झालेला, इंग्रजी बरं, अक्षर मोत्यासारखं. तोही तिच्याच वस्तीतला. चौदा एप्रिलला वस्तीत त्याचं भाषण असायचं आणि ते ऐकून बायका डोळे पुसायच्या. मालनबाई त्याला भाऊ मानायची. स्वतःला सख्खा भाऊ नव्हता, म्हणून जास्तच. दुपारी डबा उघडला की पहिली भाकर मोडून त्याच्यापुढं ठेवायची. तो तिला ताई म्हणायचा आणि अरेतुरेनं बोलायचा. पुंजारामची पाळी दुपारची असली की मुलीला शाळेतून आणायला काळूच जायचा.

सत्याहत्तरच्या सुमारास खैरनार सर आले. कॉलेजात गणित शिकवायचे. मराठी माध्यमातून बारावीला येणाऱ्या मुलांसाठी त्यांनी पुस्तक लिहिलं होतं. नाशकातले चार छापखाने फिरून आले होते. हस्तलिखित उघडलं की सगळे हात जोडायचे. पानापानावर सूत्रं, त्यात असली चिन्हं की आमच्या कुणाच्या केसीत नव्हती. भाऊसाहेबही नाहीच म्हणणार होते. मालनबाईनं ते पान उचललं, खिडकीपाशी नेलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हे होईल. थोडं घासावं लागंल."

मग तिनं कानस मागवली. इंग्रजी केसीतला मोठ्या मापाचा तिरका एफ घेतला, त्याची मधली आडवी काडी घासून टाकली. राहिला तो एका पायावर उभा, मान वाकवलेला आकार. सर म्हणाले, "अहो, हे तर अगदी इंटिग्रल झालं!" ती म्हणाली, "मला तर बगळा दिसतोय." तेव्हापासून आमच्याकडं त्याचं नाव बगळा. म्हणून, यावरून, असं सांगायला गणितात तीन टिंबं देतात, दोन खाली, एक वर. ती झाली चूल. तीच उलटी, पालथी चूल. आडवा आठ म्हणजे झोपलेला आठ. मधे रेघ असलेला गोल म्हणजे चिरलेली सुपारी. एक चिन्ह होतं आरशात बघितलेल्या इंग्रजी सहासारखं. ते बघून सगळे चक्रावले, पण ती हसली. खिळ्यावर अक्षर नेहमी उलटंच असतं. "हा तर रोजचाच," ती म्हणाली. "आपण खिळ्यावर सहा बघतो तो असाच दिसतो ना?" ते मात्र घासून होईना, मुंबईच्या खिळे ओतणाऱ्या फाउंड्रीतून मागवावं लागलं. नाव पडलं खिळ्यावरचा सहा. चिन्हांची खरी नावं, ग्रीक अक्षरांचे उच्चार काळू तिला इंग्रजी पुस्तकातून वाचून दाखवायचा. ती मान डोलवायची आणि पुन्हा आपल्याच नावानं हाक मारायची.

गणित तिला येत नव्हतं, पण गणित कसं बसतं ते तिला दिसायचं. एकदा सर प्रूफ घेऊन बसले असताना ती म्हणाली, "सर, तिसऱ्या ओळीत कंस उघडलाय, मिटला नाय." सरांनी पाहिलं. चूक त्यांच्या हस्तलिखितातच होती. सर उठून उभे राहिले.

दुसरी गोष्ट तिनं शोधली ती वजाबाकीच्या चिन्हाची. ती मला म्हणाली होती, "मंगळू, वजा दोन असतात बघ. एक दोघांच्या मधला. त्याला दोन्हीकडं थोडी जागा लागते. दुसरा एकट्याला चिकटलेला. त्याच्यामागं जागा सोडायची नाय. सोडली तर पोरगं चुकतं." दिसायला दोन्ही सारखेच. पण ती कधी एकाच्या जागी दुसरा लावायची नाही. बगळ्याच्या पायाशी आणि डोक्याशी जे बारके आकडे येतात, त्यातला खालचा आकडा जरा आत सरकवायचा, कारण बगळा तिरका उभा असतो, हेही तिचंच. सरांच्या पुस्तकाच्या तीन आवृत्त्या निघाल्या. पुण्याहून दोन लेखक आले. सुमेरूची गणिताची छपाई म्हणून नाव झालं आणि ते नाव मालनबाईच्या दहा बोटांवर उभं होतं.

पंच्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात भाऊसाहेब मुंबईला जाऊन आले आणि म्हणाले, आता खिळे बंद. फोटो टाइपसेटिंग मशीन येणार. पडद्यावर अक्षरं उमटतात, कळा दाबायच्या, कागदावर सरळ फोटोसारखा मजकूर. जी चिन्हं कळांवर नाहीत, त्यांना प्रत्येकी एक आकडा असतो. आकडा दिला की चिन्ह येतं. पण कुठली कुठली चिन्हं हवीत, त्याची यादी छापखान्यानं कंपनीला द्यायची. मराठी मजकुरात गणित बसवायचं तर कंपनीकडं तयार यादी नव्हती.

काळूनं हे मालनबाईला सांगितलं तेव्हा मी तिथंच शाई ढवळत होतो. तो म्हणाला, "ताई, तुला जेवढं येतं ते सगळं एका वहीत लिहून काढ. चिन्ह, ते कुठं बसतं, आजूबाजूला किती जागा. मशीनवर दुसरं कोण बसणार आहे? तूच."

"मला लिहिणं कुठं जमतंय रे. ऱ्हस्व-दीर्घ चुकतंय."

"शुद्धलेखन मी बघतो. आपल्या पोरांना उपयोगी पडेल ताई. तू गेलीस म्हणजे हे सगळं तुझ्याबरोबर जायला नको."

तिनं दोनशे पानी वही आणली. माडीवर उजेड कमी, म्हणून दुपारच्या सुट्टीत ती खाली यायची आणि माझ्या ट्रेडलजवळच्या खिडकीत बसायची. गुडघ्यावर वही. आधी चिन्ह काढायची, मग त्याचं नाव, मग ते काय मागतं ते. 'चुलीच्या आधी जागा सोडावी, नंतर बी सोडावी.' 'झोपलेला आठ बगळ्याच्या डोक्यावर आला तर बारीक घ्यावा.' तीन महिने लिहीत होती. एकशे चौऱ्यांशी चिन्हं. त्यातलं पान न् पान माझ्या डोळ्यांसमोर भरलं. कधी कधी मला विचारायची, "हे बरोबर आलंय का रे, का उंदरासारखं दिसतंय?" मी म्हणायचो, "उंदरासारखं." मग ती खोडून परत काढायची.

गणपती गेल्यावर तिनं वही काळूकडं दिली.

मशीन दिवाळीनंतर आलं. माडीवरच्या केसी एका कोपऱ्यात ढकलून त्याला खोली केली, पडदे लावले. कंपनीचा माणूस मुंबईहून आला. भाऊसाहेबांनी सगळ्यांना वर बोलावलं. आम्ही सहा जण भिंतीला लागून उभे राहिलो. मालनबाईनं त्या दिवशी नवी साडी नेसली होती, ते मला आठवतं.

भाऊसाहेब म्हणाले, "हे आमचे आहिरे. चिन्हांची यादी सगळी यांनीच केली. आता मशीन हेच बघतील."

मालनबाई हसली. तिला वाटलं असणार, मालकांची जीभ घसरली. तिनं काळूकडं बघितलं. काळू मशीनकडं बघत होता.

कंपनीच्या माणसानं एक छापील पुस्तिका काढली. वरती लिहिलं होतं, संकलन : का. ना. आहिरे. तो पानं चाळत म्हणाला, "काम फारच चांगलं केलंय तुम्ही. मायनसचे दोन वेगळे आकडे द्यायचं आमच्या इंजिनिअरांनाही सुचलं नव्हतं. आणि ही नावं. बगळा, चूल, चिरलेली सुपारी. ऑपरेटरला एकदा सांगितलं की विसरणार नाही. कुठून काढलीत हो?"

काळू म्हणाला, "सुचली अशीच."

मालनबाई एक पाऊल पुढं आली आणि म्हणाली, "बगळा माझा हाय."

कंपनीचा माणूस हसला. त्याला वाटलं, गंमत चालली आहे. मग आणखी एकदोघे हसले. तिनं पुन्हा म्हटलं, या वेळी मालकांकडं बघून, "भाऊसाहेब, वही मी लिहिलीय. तीन महिने. काळूला शुद्धलेखन बघायला दिली होती."

भाऊसाहेबांनी काळूला विचारलं, "काय रे?"

"ताईंनी तोंडी माहिती दिली काही काही," काळू म्हणाला. "तशी सगळ्यांनीच दिली. लिहिलं मी."

"वही कुठंय?"

"कच्चे कागद होते. रद्दीत गेले."

भाऊसाहेबांना पाहुण्यासमोर हे नकोच होतं. तरी त्यांनी एकदा विचारलं, हे मी कबूल करतो. आमच्याकडं वळून म्हणाले, "कुणी बघितलंय का बाईंना वही लिहिताना?"

मालनबाई माझ्याकडं बघत होती. बाकीच्यांकडं नाही, फक्त माझ्याकडं.

त्या महिन्यात छापखान्यात कुजबूज चालली होती की या मशीनपाठोपाठ छपाईचं ऑफसेट यंत्र आलं की दोनपैकी एकच ट्रेडल राहणार. काळूचं आता मालकांपाशी वजन होतं. घरी माझी बायको लंकाबाई बाळंत होऊन आठ दिवस झाले होते. ही सगळी कारणं मी नंतर गोळा केली. त्या क्षणी तसलं काही डोक्यात नव्हतं. फक्त भीती होती. मी खाली बघितलं.

"बरं, चला, कामाला लागा," भाऊसाहेब म्हणाले.

संध्याकाळी सुट्टीच्या आधी ती काळूच्या टेबलाशी गेली. मी जिन्यात होतो, मला सगळं ऐकू आलं. ती भांडली नाही. तिनं विचारलं, "का केलंस?"

काळूनं समोरची प्रुफं नीट रचली. मग म्हणाला, "ताई, मशीनवर एकच माणूस घेणार होते. मॅट्रिक पाहिजे, इंग्रजी पाहिजे, हे कंपनीच्या कागदावर आधीच लिहिलं होतं. तुझं नाव घातलं असतं तरी तुला बसवलं नसतं. मग बाहेरचा कुणी आला असता. त्यापेक्षा आपल्यातला एक तरी बसला."

"हे तुला कधी कळलं?"

"उन्हाळ्यात."

"म्हणजे मी वही उघडायच्या आधी."

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"तेव्हाच सांगितलं असतंस, काळू, की मला मिळणार नाय, पण तू मला लिहून दे, तर मी दिलं असतं रे," ती म्हणाली. "तुला दिलं असतं."

मला वाटतं तिचं हे बोलणं खरं होतं. काळूलाही ते खरं वाटलं असावं. कारण तो तसाच बसून राहिला, आणि ती जिना उतरून माझ्या बाजूनं गेली तेव्हा तिचा पदर माझ्या हाताला लागला, तरी ती थांबली नाही.

पुढच्या रविवारी ती पुंजारामला घेऊन खैरनार सरांकडं गेली. सरांनी तिचं काम आठ वर्षं पाहिलं होतं. त्यांनी एक शब्द टाकला असता तर भाऊसाहेबांनी ऐकलं असतं. पुंजारामनं हे मला चहाच्या टपरीवर सांगितलं. त्याला माझी गोष्ट ठाऊक नव्हती, तिनं घरी सांगितलीच नव्हती. सरांनी दोघांना खुर्च्या दिल्या, चहा दिला आणि म्हणाले, "बाई, तुमची कला मी जाणतो. पण हा छापखान्यातला आतला मामला. माझी नवी आवृत्ती आता मशीनवर जायची आहे, आहिरेच करताहेत. मी मधे पडणं बरं दिसणार नाही." फाटकापर्यंत पोचवायला आले. पुंजाराम म्हणाला, "येताना ती अख्खा कॉलेज रोड झपाझप चालली. घरी आल्यावर फक्त म्हणाली, सरांनी कंस मिटला."

चार महिन्यांनी खिळे विकायचे ठरले. शिसं वजनावर जाणार होतं. केसी उपड्या करून खिळे पोत्यांत भरायचं काम भाऊसाहेबांनी मालनबाईलाच सांगितलं. मुद्दाम नाही, कुणाला सुचलंच नाही की हे काम तिला सांगू नये. तिनं दोन दिवसांत सगळ्या केसी रिकाम्या केल्या. कानशीनं घासलेले, मुंबईहून आलेले, सगळे खिळे एकाच पोत्यात. पोतं शिवलं. शनिवारी हात धुतले आणि गेली. सोमवारी आली नाही. तिला बोलवायलाही कुणी गेलं नाही.

वस्तीत काळूचं भाषण त्या एप्रिललाही झालं म्हणतात. मालनबाई घरातच बसली. काही बायकांनी तिला समजावलं की आपल्यातल्या माणसाची बदनामी बाहेर करू नये. तेवढंही तिनं ऐकून घेतलं. त्यानंतर पुंजारामनं बदली मागून घेतली आणि ती दोघं मुलीला घेऊन पिंपळगाव बसवंतला गेली.

एकोणनव्वदच्या पावसाळ्यानंतर एक दिवस काळू माझ्याकडं आला आणि म्हणाला, "मंगळू, पिंपळगावला चल माझ्याबरोबर." एकट्याला जायची त्याची छाती नव्हती. माझीही नव्हती. दोघं मिळून कशी झाली, देव जाणे.

मशीनवर एक नवं पुस्तक अडलं होतं. आकड्यांच्या चार-चार ओळी एकाखाली एक आणि त्या सगळ्यांना कवेत घेणारा एकच मोठा कंस. यादीत तो नव्हता, कारण वही लिहिली तेव्हा तसलं पुस्तक आलंच नव्हतं. कंपनीला पत्रं लिहून झाली होती. कंपनीचं उत्तर एकच : आकडा उपलब्ध नाही.

मालनबाई हायवेलगतच्या एका लहान छापखान्यात सापडली. द्राक्षांच्या पेट्यांवरची लेबलं आणि कांद्याच्या आडत्यांची पावतीपुस्तकं छापायचे. बाहेर टेम्पो लागलेले. ती स्टिक घेऊन उभी होती, चष्मा लागला होता. आम्हाला बघून दचकली नाही. पाणी दिलं. काळूच्या मुलांची चौकशी केली, माझ्या पोरीची केली. काळूनं पान पुढं केलं. तिनं ते हातात घेतलं, दूर धरलं, जवळ धरलं. चष्म्याआड तिचे डोळे हलताना मला दिसले. उत्तर तिला सापडलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. तिनं अंगठा आणि बोट यांच्यात नकळत तीन मापं घेतली. वर, मधे, खाली, जणू कंस तीन तुकडे जोडून करायचा होता.

मग तिनं पान परत दिलं. "सुचलंय मला. पण सांगणार नाय."

काळू कळवळून म्हणाला, "ताई, माझ्यासाठी नको. पोरांचं पुस्तक आहे. मराठीतून शिकणारी, आपल्याच वस्त्यांमधली पोरं."

"हेच म्हणाला होतास तू तेव्हा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तेव्हा मी पोरांसाठीच लिहिलं. आता पोरांना तुझं तू सांग."

काळू उठला आणि बाहेर गेला. मी मागं थांबलो. चार वर्षं जे बोललो नव्हतो ते मी सगळं एका दमात बोललो. की मी बघितलं होतं, पान न् पान बघितलं होतं, मी बोलायला हवं होतं, घाबरलो, मला माफ कर.

तिनं स्टिक खाली ठेवली. "काळूचा राग येतो मला," ती म्हणाली, "पण त्याचं कळतं. त्यानं घेतलं, त्याला मशीन मिळालं, नाव मिळालं. तुला काय मिळालं रे, मंगळू?"

ट्रेडल तर दुसऱ्याच वर्षी भंगारात गेलं होतं, मी तेव्हा बायंडिंगला गठ्ठे बांधत होतो. ती उत्तराची वाट बघत थोडा वेळ उभी राहिली. खरंच वाट बघत होती, टोमणा नव्हता तो. मग आतून मालकानं लेबलाचं प्रूफ मागितलं आणि ती आत गेली.

बसमध्ये काळू खिडकीशी बसला, मी पलीकडच्या बाकावर. पुढं दीड महिना त्यानं त्या पुस्तकातला प्रत्येक मोठा कंस काळ्या शाईच्या पेनानं हातानं काढला, पानांमागून पानं. काही कंस वाकडे आले. पुस्तक तसंच छापून गेलं.